सेंट हेलेना, मुक्काम चोरखमारा

अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर मी कधीही गेलेलो नाही. शिडाच्या नौकेतून तर नाहीच नाही. समुद्रच मी आजतागायत पाहिलेला नाही. हे मी पूर्ण शुद्धीत लिहून देत आहे. हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी कोणी ऐकून घेतलं असतं, तर जातीच्या पंचाला सोबत घेऊन चोरखमाऱ्याच्या तलावात पडायची वेळ माझ्यावर आली नसती.

दोष माझा नाही हे आधीच सांगून टाकतो. दोष नागपूरच्या एका मासिकाच्या संपादकाचा आहे. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याकडे माझा आणखी एक लेख पडून आहे.

झालं असं. मी गोंदियात एका लाखेच्या वखारीत कारकून. शिक्षण मराठी चौथी. इंग्रजी शिकलो ती रद्दीतून. मला शिकवायला मास्तर नव्हता, त्यामुळे मला बिघडवणाराही कोणी भेटला नाही. शेजारचे किराणेवाले चुन्नीलाल ज्या कागदात जिरं बांधून देत, त्या कागदावर माझं कॉलेज चालायचं. एकदा पुडीवर शिडाच्या नौकेचं चित्र आलं. मी तसाच उलट्या पावली गेलो आणि त्या पुस्तकाचं जे काही उरलं होतं ते मागून आणलं. पुढची पानं हळदीला गेली होती, मागची धन्याला. मधल्या पानांत कोणी इंग्रज गृहस्थ स्वतःच्या नौकेत बसून सेंट हेलेनाला निघतो. फ्रेंचांच्या नेपोलियन बादशहाला ज्या बेटावर कैदेत ठेवलं होतं ते हे बेट. शीड कसं चढवायचं, वारा बगलेतून आला तर दोर किती ओढायचा, सुकाणू कुठे दाबायचं, सगळं त्यात तपशीलवार होतं. शेवटी बेट दिसतं, किनारा जवळ येतो, आणि पान संपतं. उतरायचं कसं, ते धन्याबरोबर कोणाच्या तरी वांग्याच्या भाजीत गेलं.

त्याच पावसाळ्यात मला हिवतापानं धरलं. हिवताप झालेली माणसं जंगलातून शहरात येतात. मी शहरातून जंगलात, दरेकशाला गेलो, कारण सासू तिथे होती. वखारीतून तीन महिन्यांची रजा घेतली, सासूच्या चार गोधड्या घेतल्या आणि डिक्शनरी उशाशी ठेवून ते पुस्तक वाचलं. ताप चढला की खाट डोलायची. इतक्या बारकाईनं समुद्रप्रवास पुण्याच्या कोणत्याही बॅरिस्टरानं केला नसेल.

बरा झाल्यावर लेख लिहिला, ‘एका साहेबाची सेंट हेलेनाची सफर’. संपादकांनी परत पाठवला. शेरा: ‘स्वानुभवाचा अभाव’. दुरुस्त करून पुन्हा पाठवला, पुन्हा परत. शेरा: ‘साहेब कोठे जातो हे वाचकांस काय होय?’ तेव्हा माझं डोकं फिरलं. मी लेखणी घेतली, जिथे जिथे ‘साहेब’ होता तिथे तो खोडला आणि ‘मी’ लिहिलं. बाकी एका काना-मात्रेला हात लावला नाही. लेख पुढच्याच अंकात छापून आला, चित्रासहित. खाली संपादकांची टीप: ‘आमचे मित्र यादोराव, गोंदिया, हे नुकतेच या धाडसी सफरीहून परतले आहेत.’ हे गृहस्थ माझे मित्र कधी झाले ते मला माहीत नाही.

चुन्नीलालनं तो लेख दुकानात गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवला. वाचून झाल्यावर मला म्हणाला, “क्या बात है यादोरावजी. तीन महिने गायब होते, आम्ही समजलो मलेरिया. और आप तो समंदर में थे.”

इथे माझी एक बारीकशी चूक झाली. मी नाही म्हणालो नाही. होही म्हणालो नाही. मान थोडी तिरपी केली आणि दूर क्षितिजाकडे पाहिलं. समोर क्षितिज नव्हतं, तेलाचे डबे होते, पण पाहणाऱ्यांनी पाहिलं.

घरी देवकाबाईंनी, म्हणजे माझ्या पत्नीनं, अंक हातात घेऊन चित्र पाहिलं. “अजी, हे तुमीच का?”

“माझ्या लेखाचं चित्र आहे.”

“तुमी तं माझ्या मायच्या घरी गोधडीत कुडकुडून राहिले होते. पेज मी पाजली. अन् इथं लिवते का वादळात मी डोलकाठीले कवटाळलो. कवटाळलो होता तो माझ्या भावाचा पाय होता.”

वाङ्मय बायकोला वाचायला देऊ नये.

आठ दिवसांनी बकाराम आले. बकाराम आमच्या जातीचे मुख्य पंच. धिप्पाड माणूस, बोलणं सावकाश, आणि परक्याच्या घरी पाणीसुद्धा न पिण्याबद्दल चार तालुक्यांत नाव. ओसरीवर बसले, मिशीवरून हात फिरवला.

“यादोराव, आमी आयकलं ते खरं का?”

“काय ऐकलं?”

“का तुमी काळ्या पान्यावरून जाऊन आले.”

पुढचं मला कळलं. आमच्यात समुद्र ओलांडला की जात जाते. लढाईच्या वेळी आमच्याच जातीतला शालीकराम पलटणीबरोबर समुद्रापलीकडे बसऱ्याला गेला होता. सरकारनं त्याला बिल्ला दिला, आणि पंचांनी डोकं भादरून, पंचगव्य पाजून, वर वर्षभर वाळीत टाकलं. वर्षभर त्याच्या पंगतीला कोणी नाही, त्याच्या घरात कार्य नाही. आणि माझ्या मुलीचं, रुख्माचं, लग्न माघात ठरलेलं होतं. मुलगा कोहमाऱ्याचा, घरचे धानाचे बांध, आणि मुख्य म्हणजे मंडईच्या जत्रेत रुख्मानं त्याला लांबून पाहिला होता आणि नाही म्हणाली नव्हती. तिनं त्याआधी तीन स्थळांना नाही म्हटलं होतं. वर्षभर थांबायला मुलाकडचे तयार होणार नव्हते.

स्वाभिमान गिळायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. एक विडा चघळून होईपर्यंत. मग मी म्हणालो, “पंच, मी गेलो नाही. ते सगळं बनवून लिहिलेलं आहे.”

बकाराम हसले. लहान पोराकडे पाहून हसावं तसे. “हातानं लिवलेलं खोटं राहू शकते. पटवारी काय लिवते ते आमाले मालूम हाये. पर छापाले मशीन लागते, शाई लागते, सरकारचा कायदा लागते. येवढा खटाटोप करून कोनी खोटं कायले छापन?”



“मग पुरावा आणतो,” मी म्हणालो.

“आना ना. सोयऱ्याचा चालनार नाई पन.” म्हणजे सासू, मेव्हणा, चार गोधड्या, सगळे बाद.

वखारीच्या बड्या मुनीमजींकडे गेलो. मी बोटीत नव्हतो असा दाखला द्या म्हटलं. त्यांनी रजेचं बुक काढलं, चष्मा लावला, आणि म्हणाले की तुम्ही तीन महिने इथे नव्हता एवढा दाखला मी आत्ता देतो, शिक्का मारून देतो. मी म्हटलं तो नको. ते म्हणाले, मग सफर करायला तापाची रजा घेतली होती का, हे आधी लेखी कळवा. मी गेलो होतो दाखला आणायला, आलो खुलाशाची नोटीस घेऊन.

पोलिसांत गेलो. जमादार भला माणूस. म्हणाला, ज्यांनी काही केलं त्यांची नोंद आमच्याकडे असते. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांची नोंद ठेवायची म्हटली तर सगळा जिल्हा लिहावा लागेल. संपादकांना पत्र टाकलं की लेख काल्पनिक आहे अशी दोन ओळींची टीप छापा. उत्तर आलं: ‘आपला विनय वाचकांस भावेल, परंतु आता उशीर झाला आहे.’ आणि दरेकशाच्या ज्या स्टेशनमास्तरांनी मला तापावर क्विनाइन दिलं होतं त्यांची बदली झाली होती. कुठे, ते नव्या मास्तरांना माहीत नव्हतं, आणि सांगायचं कारणही दिसत नव्हतं.

शेजाऱ्यांचे सल्ले वेगळेच. एक म्हणाला डोकं आत्ताच भादरून घ्या, कडाक्याच्या थंडीआधी केस येतात. चुन्नीलाल म्हणाला, “डरना क्या. सांगा की बोट हवेत होती, पानी को छुआ नहीं.” शालीकराम रोज संध्याकाळी यायचा आणि माझ्याकडे भावासारखा पाहायचा. इतक्या वर्षांत जातीत त्याला पहिल्यांदाच जोडीदार मिळाला होता. “बोटीवर वांती किती दिवस झाली जी?” तो आपुलकीनं विचारायचा. “माई तं बारा दिवस.”

रुख्मा लग्नाची गोधडी शिवत बसायची. एके दिवशी तिनं ती गोधडी अर्धवट घडी करून पेटीत ठेवली आणि जात्यावर जाऊन बसली. मी बकारामांकडे चालत गेलो आणि म्हणालो, काय करायचं ते सांगा.

तोडगा त्यांनीच काढला, आणि मला अजूनही वाटतं की तो त्यांना शालीकरामनं सुचवला. लेखात मी चौदा पानं शीड वळवण्यावर लिहिली होती. ज्याला शीड वळवता येतं तो गेला होता, ज्याला येत नाही तो गेला नाही. चोरखमाऱ्याच्या तलावावर परीक्षा. तलावाच्या मधोमध एक टेकडी पाण्याबाहेर राहते, मोहाची तीन झाडं आहेत तिच्यावर. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, तिथपर्यंत शिडानं जाऊन दाखवायचं. मुद्दाम चुकतो की काय हे पाहायला खुद्द पंच डोंग्यात बसणार.

“पन पंच, पान्यावरून जानं...” कोणीतरी शंका काढली.

“गोड्या पान्यात दोष नाई,” बकाराम म्हणाले.

मी त्या दिवशी कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. नापास व्हायचं, एवढंच काम. आणि मी आयुष्यात कोणतीही परीक्षा चौथीनंतर पास झालेलो नाही.

मार्गशीर्षातला दिवस ठरला. डोंगा केवळराम ढिवराचा, म्हणजे गावच्या कोळ्याचा. दोन पोखरलेली खोडं पळसाच्या मुळांच्या दोरीनं एकमेकांना बांधलेली, त्यावर फळ्या. शीड मिळेना. शेवटी चुन्नीलालनं नाटकमंडळीचा पडदा आणून दिला, ज्याच्यावर इंद्राचा दरबार रंगवलेला होता. डोलकाठी बांबूची. पाळीवर ही गर्दी. कोहमाऱ्याहून मुलाचे वडील दुलीचंद छकड्यातून आलेले. देवकाबाई आणि रुख्मा बायकांत उभ्या. केवळराम पडद्याकडे बराच वेळ पाहत होता. सात पिढ्या त्याची माणसं बल्लीनं, लांब बांबूनं, डोंगा ढकलत आलेली, शीड त्यानं पाहिलेलं नव्हतं.

“येच्यानं डोंगा चालते का जी?”

“पुस्तकात चालतो,” मी म्हणालो.

बकाराम मधोमध मांडी घालून बसले. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, घरचा डबा पाळीवर ठेवलेला होता, कारण पाण्यावर अन्न नेऊन विटाळ नको.

निघालो. मी ठरवल्याप्रमाणे दोर उलटा बांधला. इंद्राचा दरबार फडफडला, डोंगा जागच्या जागी गोल फिरला, आणि पाळीवर हशा पिकला. इथवर सगळं उत्तम. मग त्या हशातून एक आवाज आला. शालीकरामचा.

“म्या याले सोबती समजलो होतो. कायचा येईन याले? पुस्तकातून टिपून मारला सारा.”

आता हे खरं होतं. शब्दशः खरं होतं. पण खरं आहे म्हणून माणसानं किती ऐकून घ्यायचं याला काही मर्यादा. पंधरा वर्षं मी जिऱ्याच्या पुड्या वाचल्या त्या काय याच्यासाठी? माझ्या हातानं माझ्या परवानगीशिवाय दोर सोडला आणि सरळ बांधला. वारा डाव्या बगलेतून येत होता. अशा वेळी शीड अर्धं ओढून घ्यावं आणि सुकाणू वाऱ्याच्या अंगाला दाबावं, असं मीच लिहिलं होतं. केवळरामच्या वल्ह्याचं सुकाणू केलं, दाबलं. पडदा फुगला. इंद्राचं पोट पुढे आलं, अप्सरा ताणल्या गेल्या, आणि डोंगा, काय सांगू, डोंगा निघाला. पाणी फळीखाली कापलं जाऊ लागलं. पाळीवरचा हशा थांबला. केवळराम बल्ली आडवी धरून तोंड उघडं ठेवून बसला होता. मध्ये शिंगाड्याच्या वेलांचा मोठा पट्टा होता, त्याला मी वळसा घातला. असा वळसा, की चौदाव्या पानावर तो जसा आहे तसाच, वेलाचं पानही न हलता. पाळीवर लोक ओरडत होते, ते शिव्या नव्हत्या.

मी मागे वळून पाहिलं. तेवढ्या अंतरावरून माणसं ओळखू येत नव्हती, पण बायकांच्या घोळक्यात एक हिरवं लुगडं पुढे येऊन उभं होतं. रुख्माचं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की मी काय करून राहिलो आहे. पोरीचं लग्न मी एकेका हातानं ओढून बुडवत होतो, आणि मला मजा येत होती.

“यादोराव,” बकाराम शांतपणे म्हणाले, “तुमी गेल्ते.”

टेकडी समोर आली. आता थांबायचं. आणि थांबायचं पान धन्याला गेलं होतं.

मी दोर सोडला तर पडदा अधिकच फुगला. दोर ओढला तर डोंगा अधिकच धावला. “थांबवा ना जी,” केवळराम म्हणाला. मी म्हटलं, “एवढंच येत नाही.” दोन्ही खोडं टेकडीच्या दगडावर आदळली, दोऱ्या सुटल्या, बांबू मोडला आणि अख्खा इंद्राचा दरबार पंचांच्या अंगावर येऊन त्यांना घेऊन पाण्यात गेला. मीही गेलो. पाणी छातीइतकं होतं, पण बकाराम पडद्याखाली होते, त्यांना ते कळायला वेळ लागला.

टेकडीवर केवळरामची बायको धुरपता होती. सकाळीच नवऱ्यानं तिला शिंगाडे उकडायला तिथे सोडलं होतं. मोठ्या मडक्याखाली जाळ होता. तिनं आम्हाला जाळाजवळ बसवलं, पंचांना आपली घोंगडी दिली. केवळराम म्हणाला दोऱ्या पुन्हा आवळायला सांज होईल. बकारामांचा डबा पाळीवर होता, पाळ अर्धा कोस लांब.

दुपार झाली. शिंगाड्यांचा वास म्हणजे काय, ते भुकेल्या माणसालाच ठाऊक. बकारामांनी आधी तोंड फिरवलं. मग मडक्याकडे पाहिलं. मग धुरपतानं परडी समोर ठेवली, “खाऊन घ्या जी, कोन पाहाले येते इथं,” आणि ती पाठ करून बसली.

आमच्या पंचांचा नियम असा की तुपात तळलेलं परक्या जातीच्या हातचं चालतं, पाण्यात उकडलेलं चालत नाही. असं खाल्लं की वर्षभर वाळीत. हा नियम बकारामांनीच तीन घरांना लावलेला होता. पहिला शिंगाडा त्यांनी माझ्याकडे पाठ करून सोलला. परडी अर्धी झाल्यावर पाठ करायचंही विसरले. मीही खात होतो, माझी जात तशीही अटलांटिकात बुडालेली होती. परडी संपली तेव्हा ते भानावर आले आणि आमची नजरानजर झाली.

बकारामांनी मिशी पुसली.

“यादोराव, तुमाले शीड वळवता येते का?”

मी वेलांच्या त्या पट्ट्याकडे पाहिलं. आयुष्यात एवढी चांगली गोष्ट मी दुसरी केलेली नाही.

“नाही येत,” मी म्हणालो.

“मले बी तसंच दिसलं. तो वारा होता.”

“वाराच होता.”

“पाळीवर तुमाले सांगा लागन. सर्व्यांच्या पुढं. का मी खोटं लिवलो, मले काई येत नाई.”

“आणि तुम्ही काय सांगणार?”

“मी काय सांगू?” बकाराम घोंगडी सावरत म्हणाले. “मी सकाळपासून उपाशी हावो.”

दिवस मावळायच्या आत आम्ही पाळीवर पोचलो, बल्लीनं. पंचांनी निकाल दिला: माणूस पाण्यातला नाही, समुद्रावर गेला असता तर परत आला नसता. मग मला पुढे केलं. समोर दुलीचंद, चुन्नीलाल, अख्खं गाव, आणि दात काढून शालीकराम. मी हात जोडले आणि म्हणालो, “मी कुठेही गेलो नाही. मी लिहिलं ते खोटं होतं. शीड मला वळवता येत नाही.” तिसरं वाक्य बोलताना मी शिंगाड्याच्या वेलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लोकांना वाटलं पश्चात्ताप.

दुलीचंदनी मला मिठी मारली. “सोयरे, खोटारडा मानूस आमाले चालते. बाटलेला चालत नव्हता.”

छकड्यातून घरी येताना रुख्मा माझ्यामागे बसली होती. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, “बाबूजी, वेलाजवळून तुमी वळवला ना, तवा मी पाहून राहिली होती.”

“वारा होता तो.”

“हो. मले वाटलं, लगीन गेलं तं गेलं. असा वळते मनजे काय.”

देवकाबाई म्हणाल्या, “गप बस, पोरी,” पण जोरात नाही म्हणाल्या.

लग्न माघात झालं. शालीकरामलाही बोलावलं, तोही जेवला, माझ्याशी मात्र बोलला नाही. त्याचा जोडीदार गेला होता. पंगतीत मानाच्या पाटावर बकाराम पंच. देवकाबाईंना मी टेकडीवरचं सगळं सांगितलेलं होतं, आणि सांगायला नको होतं हे मला पंगत अर्धी झाल्यावर कळलं. त्या स्वतः वाढायला उठल्या, हातात शिंगाड्याच्या शिऱ्याचं पातेलं घेऊन. बकारामांनी पातेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पानावर हात आडवा धरला.

देवकाबाई वाकल्या आणि डोक्यावरचा पदर सावरून अगदी अदबीनं म्हणाल्या, “घ्या ना, पंच. हा तुपातला हाये जी.”

पंचांनी हात काढला. दोनदा वाढून घेतला.